आडनावात लपलेला घरधनी कसा शोधायचा

माझा भाचा एडिनबरोला शिकतो. भाचा म्हणजे माझ्या भावाचा मुलगा, आत्या म्हणतो मला. त्यानं मध्ये फोनवर विचारलं, "आत्या, इथं गुडमन नावाचे एक सर आहेत. ते म्हणाले, जुन्या स्कॉट भाषेत गुडमन म्हणजे घरातला कर्ता पुरुष. तुमच्या 'कारभारी' आडनावाचं पण तसंच आहे का?"

हो म्हणाले, पण त्याला नुसतं हो सांगून भागणार नव्हतं. आमचं आडनाव कारभारी कसं झालं हे शोधायला मला दोन वर्षं लागली होती, आणि त्यातली दीड वर्षं मी चुकीच्या दिशेनं गेले होते. सोलापूरच्या पूर्व भागातल्या एका शाळेत ३१ वर्षं लेखनिक म्हणून काम केलं मी. जनरल रजिस्टरात हजारो मुलांची आडनावं या हातानं लिहिली. आडनाव कागदावर कसं उतरतं आणि उतरताना कसं बदलतं, हे त्या खुर्चीत बसूनच कळलं. म्हणून ज्यांचं आडनाव कारभारी, यजमान, मालक, धनी, थोरले अशा घरधन्याच्या शब्दावरून आलंय असं वाटतं, त्यांच्यासाठी हे सविस्तर लिहितेय.

आधी तो परदेशी शब्द बघू, कारण त्यानं आपला पेच नीट कळतो. जुन्या स्कॉटलंडात गुडमन म्हणजे घराचा धनी, आणि त्याची बायको गुडवाइफ. बायको नवऱ्याबद्दल बोलताना 'आमचा गुडमन' म्हणायची, आपल्याकडे 'आमचे मालक' म्हणतात तसं. याशिवाय त्याला जमिनीचाही एक अर्थ होता. थेट राजाकडून जमीन मिळालेला तो लेअर्ड, आणि दुसऱ्या जमीनदाराकडून जमीन धरून कसणारा, पण स्वतःचं घरदार असलेला तो गुडमन. म्हणजे मान होता, पण एक पायरी खाली. पाचवा जेम्स हा १५१३ ते १५४२ या काळातला तिथला राजा. तो साध्या वेषात रयतेत फिरायचा आणि कुणी विचारलं तर 'मी बॅलेंगीचचा गुडमन' असं सांगायचा, अशी आख्यायिका आहे. बॅलेंगीच ही स्टर्लिंगच्या किल्ल्यामागची चढणीची वाट. राजानं स्वतःला 'मी अमक्या वाटेवरचा घरधनी' म्हणवून घ्यावं, यातली गंमत त्या लोकांना बरोबर कळायची.

आता आडनावाचं बघा. आज गुडमन आडनाव लावणारे सगळे त्या घरधन्याचे वंशज नाहीत. काहींचं आडनाव जुन्या इंग्रजीतल्या गॉडमन अशा व्यक्तिनावावरून आलं. काहींचे पूर्वज जर्मन किंवा ज्यू गुटमन होते, इंग्रजी मुलखात गेल्यावर त्यांचा गुडमन झाला. तीन ओढे एका नदीत मिळाले, आता पाणी बघून कुठलं कुठून आलं ते सांगता येत नाही. आपल्या आडनावाकडेही याच नजरेनं बघायचं. शब्दाचा अर्थ लागला म्हणजे आपल्या घराचा इतिहास लागला, असं होत नाही. मी तिथंच चुकले होते. 'कारभारी म्हणजे कारभार बघणारा, म्हणजे आपले पूर्वज कुठल्यातरी संस्थानात कारभारी असणार' असं धरून मी अक्कलकोट संस्थानाच्या मागे लागले. सहा महिने नुसती विचारपूस केली. हाती काही लागलं नाही, कारण तिथं आमचं काही नव्हतंच.

तर सुरुवात कागदापासून करू नका, घरातल्या बोलण्यापासून करा. घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या बाईजवळ बसा आणि विचारा, तुमची सासू तुमच्या सासऱ्यांना काय म्हणायची? आडनाव काय होतं असं विचारलंत की त्या आजचं आडनाव सांगून मोकळ्या होतात. हाक काय मारायच्या हे विचारलं की खरा शब्द बाहेर येतो. नवऱ्याचं नाव घ्यायचं नाही ही रीत होती, म्हणून घरधन्याला किती शब्द तयार झाले बघा: मालक, धनी, यजमान, कारभारी, 'घरातले', नुसतं 'हे'. आपल्या सोलापुरात तर तीन भाषांचे शब्द एका चाळीत ऐकू येतात. कानडी शेजारीण 'नम्म यजमानरु' म्हणते, नाहीतर 'नम्म मनेयवरु', म्हणजे आमच्या घरातले. साखर पेठेतली तेलुगू मावशी 'मा आयन' म्हणते, म्हणजे आमचे हे. अर्थ एकच, पण यातला कुठला शब्द तुमच्या घरात नांदला त्यावरून घर कुठल्या बाजूचं होतं याचा अंदाज येतो. शब्द ऐकलात तसाच लिहून ठेवा, शुद्ध करायला जाऊ नका. कोण म्हणाली, तिचं माहेर कुठलं, हे शेजारी लिहा. माहेर लिहायला विसरू नका, कारण कित्येकदा शब्द सासरचा नसून तिनं माहेराहून आणलेला असतो.

माझ्या सासूबाईंनी मला सांगितलं होतं, "माझ्या सासूबाई मामंजींना 'अवं कारभारी' म्हणायच्या. पण गावपण त्यास्नी कारभारीच म्हणायचं. त्यांच्या भावांना नव्हं." हे शेवटचं वाक्य मी तेव्हा लिहून घेतलं नाही. सगळा उलगडा त्याच वाक्यात होता.

पूर्व भागातल्या तेलुगू घरांचं थोडं वेगळं आहे. तेलंगणातून मागाच्या कामासाठी आलेली ही पद्मशाली कुटुंबं. त्यांच्या भाषेत आडनावाला इंटिपेरु म्हणतात. इंटि म्हणजे घराचं, पेरु म्हणजे नाव. आपलं आडनाव माणसाच्या नावाला आडवं येऊन बसतं, त्यांचं नाव थेट घराचं असतं आणि ते नावाच्या आधी लागतं. त्यामुळे त्यांच्या आडनावात घरधन्यापेक्षा घराची खूण जास्त सापडते: कोंडा म्हणजे डोंगर, गड्डम म्हणजे दाढी, म्याकल म्हणजे शेळ्या. शाळेत एकदा एक आजोबा नातवाला घेऊन आले. मी विचारलं, "आडनाव?" त्यांनी एक अक्षर सांगितलं, नुसतं 'को'. त्यांच्याकडे आद्याक्षरच लिहायची सवय होती. मी म्हटलं, "आजोबा, पूर्ण सांगा, पोराच्या दाखल्यावर जन्मभर राहणार आहे." ते थोडा वेळ थांबले, मग सावकाश पूर्ण नाव सांगितलं. मी कागदावर लिहून त्यांना वाचून दाखवलं आणि मगच रजिस्टरला पेन लावलं. प्रत्येक लेखनिक असं करतो असं नाही. म्हणून तेलुगू घरातल्या मंडळींनी तीन-चार पिढ्यांचे दाखले शेजारी-शेजारी ठेवून बघावेत, आद्याक्षर कुठं आडनाव झालं आणि बापाचं नाव कुठं आडनावाच्या जागी जाऊन बसलं ते लगेच दिसतं.

आता कागद. नव्यापासून जुन्याकडे जायचं, उलट नाही. पहिला कागद शाळा सोडल्याचा दाखला. त्यावर समाधान मानू नका, शाळेत अर्ज करून जनरल रजिस्टरचा उतारा मागा. दाखला ही नक्कल असते, रजिस्टर ही मूळ नोंद. जुन्या जिल्हा परिषदेच्या शाळांत अशी रजिस्टरं कपाटात तळाशी बांधून ठेवलेली असतात. सकाळी शाळा भरताना जाऊ नका, मधल्या सुट्टीनंतर जा आणि साल नक्की सांगा. '१९३० च्या आसपास' असं म्हणालात की लेखनिकाचा दिवस जातो आणि तुमचं काम मागे पडतं.

त्याच्या मागे जायचं तर जमिनीचे कागद. सातबारा आणि आठ-अ सगळ्यांना माहीत असतात, पण त्यांच्यापेक्षा फेरफार बघा, म्हणजे गाव नमुना सहा. माणूस वारला की वारस कसे लागले हे फेरफारात वाक्यात लिहिलेलं असतं: अमका मयत, वारस मुलगे तीन, विधवा एक. नाती कळतात. तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात नकलेचा अर्ज करायचा. तिथंच गाव नमुना चौदा मिळतो, त्याला कोतवाल बुक म्हणतात, जन्म-मृत्यूच्या नोंदींचं. गेल्या काही वर्षांत कुणबी नोंदी शोधायच्या निमित्तानं ही पुस्तकं घराघरांत माहीत झाली. तो कुणबी शब्दही या विषयाला धरूनच आहे. संस्कृतात कुटुंबिन् म्हणजे घरदार असलेला गृहस्थ, शेतकरी, आणि त्यावरून कुणबी आला असं भाषेचे अभ्यासक मानतात. दंपती शब्दही तसाच. त्यातल्या दम् चा अर्थ घर, म्हणजे वेदातला दंपती हा घराचा धनी. नंतर तो जोडप्यासाठी वापरात आला. घरधन्याचा शब्द एका जागी थांबत नाही, कधी जोडप्याचं नाव होतो, कधी समाजाचं, कधी आडनाव.

सातबाऱ्यावर आणखी एक खूण असते, तिच्यावरून बहुतेकांची नजर पुढे जाते. नावामागे बारीक अक्षरात ए.कु.मॅ. असं लिहिलेलं असतं. एकत्र कुटुंब मॅनेजर. कुणी ए.कु.क. लिहितं, क म्हणजे कर्ता. जमीन सगळ्या भावांची, पण नाव थोरल्याचं, घराच्या वतीनं. स्कॉट लोकांचा गुडमन आपल्या तलाठ्याच्या दप्तरात कुठं असेल तर तो या तीन अक्षरांत आहे. ही खूण दिसली की दोन गोष्टी करा. एक, त्या माणसाला भाऊ-बहिणी होत्या असं धरून चाला आणि त्यांची नावं शोधा, कारण ती त्या कागदावर मुद्दाम नाहीत. दुसरी, हक्काचा प्रश्न असेल तर वकिलाला दाखवा. ए.कु.मॅ. मुळे बहिणींची नावं पिढ्यान्‌पिढ्या बाहेर राहिल्याची उदाहरणं मी शेजारीपाजारी पाहिली आहेत.

आता सगळ्यात महत्त्वाची परीक्षा. 'कारभारी' हा शब्द जुन्या कागदावर सापडला, पण ते आडनाव आहे की नुसता मान, हे ओळखायचं कसं? इंग्रजीत सोपं आहे. मानाचा गुडमन नावाच्या आधी येतो, आडनावाचा नंतर. आपल्याकडे मानाचा शब्दही नंतर आणि आडनावही नंतर. 'रामजी कारभारी' यावरून काहीच कळत नाही. त्यात कागद जुन्या मोडी लिपीत असेल तर आणखी पेच. मोडीत आधी ओळभर रेघ मारून घेतात आणि तिला अक्षरं लटकवत जातात. दोन शब्दांत जागा सोडत नाहीत, स्वल्पविराम नसतो, ऱ्हस्व-दीर्घाचा फरकही करत नाहीत. 'रामजीमानेकारभारीमौजे' असं सलग येतं. त्यात माने आडनाव आणि कारभारी मान, की कारभारी आडनाव, हे ओळ सांगत नाही.

अशा वेळी भावांकडे बघायचं. त्याच कागदात किंवा त्याच सालच्या दुसऱ्या कागदात त्याच्या सख्ख्या भावांची नावं शोधा. थोरल्याच्या मागे कारभारी आहे आणि धाकट्यांच्या मागे नाही, तर तो मान. सगळ्यांच्या मागे आहे, चुलत्यांच्याही मागे आहे, तर आडनाव. विधवेच्या नावामागे लागलाय का तेही बघा. नवरा गेल्यावरही बाईच्या नावाला तो शब्द चिकटून राहिला असेल तर आडनाव व्हायला सुरुवात झाली असं समजा.

आमच्याकडे हे असं उलगडलं. आमचं गाव मोहोळ तालुक्यातलं, सीनेच्या काठचं. दिराच्या घरी माळ्यावर एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात शके १८४९ चं एक मोडी खरेदीखत निघालं. शकात ७८ मिळवले की इसवी सन येतो, म्हणजे १९२७. कागद घडीवर फाटला होता, एका कोपऱ्याला कसरीनं खाल्लं होतं. मोडी वाचणाऱ्या एका गृहस्थांकडे नेलं. ते बोट ठेवत ठेवत वाचत होते, शेवटी साक्षीदारांपाशी आले. तीन भाऊ. पहिल्याच्या मागे माने कारभारी. दुसऱ्याच्या मागे नुसतं माने. तिसऱ्याच्या मागे नुसतं माने. मी म्हटलं, परत वाचा. त्यांनी परत वाचलं. तेव्हा मला सासूबाईंचं ते वाक्य आठवलं: "त्यांच्या भावांना नव्हं."

मग गावच्या शाळेचं रजिस्टर काढलं. १९३१ साली माझे सासरे सात वर्षांचे असताना शाळेत घातले. तिथं त्यांचं आडनाव कारभारी. त्यांच्या चुलतभावाचं त्याच पानावर, चार ओळी खाली, माने. मास्तरांनी विचारलं असणार, "कुणाचा रे तू?" आणि पोरगं म्हणालं असणार, "कारभाऱ्याचा." गावात अजून हेच विचारतात, नाव काय असं नाही विचारत, कुणाचा म्हणून विचारतात. त्या एका ओळीनं आमची भावकी दोन आडनावांत वाटली गेली. आज गावात माने आहेत आणि सोलापुरात कारभारी, देव एक, सुतक एक. आमच्या मुलीच्या लग्नात सोयऱ्यांनी विचारलं, "माने तुमचे कोण?" तेव्हा मला नीट उत्तर देता आलं, याचं मला फार बरं वाटलं.

ही परीक्षा एका ठिकाणी चालत नाही, आणि ते ठिकाण म्हणजे वतनाचं पद. पाटील, देशमुख यांच्यात मान भावकीभर पसरलेला असतो, सगळे भाऊ पाटीलच. तिथं भावांऐवजी वतन बघा. घराकडे पाटीलकी होती का, पाळी कुणाकुणात फिरायची, वतनाची जमीन कुठली, हे विचारा. मुलकी पाटलांचं पद १९६२ च्या कायद्यानं संपलं, त्यामुळे त्याआधीचे कागद लागतील.

सनांबद्दल थोडक्यात. तुळजापूरच्या बाजूचं गाव असेल तर ते निजामाकडे होतं, कागदावर फसली, म्हणजे महसुलाचा सन असेल, त्यात ५९० मिळवा. फसली १३३७ म्हणजे १९२७ च्या सुमारास. मराठेशाहीच्या कागदांतला सुहूर सन असेल तर महिन्याप्रमाणे ५९९ किंवा ६००. अक्कलकोट संस्थान १९४८ साली विलीन झालं, तेव्हा त्या गावांच्या आधीच्या कागदांची चौकशी वेगळी करा.

कागद संपले की हेळवी गाठा. नंदीवर बसून किंवा त्याला पुढे घालून सुगीनंतर गावोगाव फिरणारे हे लोक आपल्या यजमान घरांची वंशावळ तोंडपाठ आणि वहीत ठेवतात. मंगळवेढा, अक्कलकोट, जत या पट्ट्यात अजून येतात. त्यांना मोबाइल पुढे करून 'रेकॉर्ड करतो' म्हणू नका. आधी पाणी द्या, ओसरीवर बसवा, धान्य द्या, मग विचारा. ते मूळपुरुषापासून सुरुवात करतात, मध्ये थांबवलं तर पुन्हा पहिल्यापासून येतात, म्हणून सगळं होईपर्यंत ऐका. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, तुळजापूर इथल्या पुजारी-उपाध्यांच्या वह्यांतही घराण्याच्या नोंदी असतात. तिथं जाताना आडनावाबरोबर मूळ गावाचं नाव लागतंच, त्याशिवाय वही सापडत नाही. आमच्यासारखं आडनाव बदललेलं असेल तर दोन्ही सांगा.

वंशावळीचा तक्ता करताना एक चूक टाळा. घरधनी म्हणून फक्त पुरुष लिहू नका. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार रेशनकार्डावर कुटुंबप्रमुख म्हणून अठरा वर्षांवरची घरातली सगळ्यात थोरली बाई लागते. २००५ पासून मुलगी वडिलोपार्जित मालमत्तेत मुलाच्या बरोबरीची हिस्सेदार झाली, आणि २०१५ साली दिल्ली उच्च न्यायालयानं थोरली मुलगी एकत्र कुटुंबाची कर्ता होऊ शकते असा निकाल दिला. जुन्या कागदातही बाया असतातच, फक्त 'अज्ञान मुलाची पालनकर्ती आई' अशा शब्दांमागे. नवरा लवकर गेला, पोरं लहान, आणि पंधरा वर्षं शेत तिनंच चालवलं, अशी बाई प्रत्येक भावकीत एक तरी सापडते. गाव तिला कारभारीण म्हणायचं का, हे विचारून घ्या. आमच्या तक्त्यात माझ्या आजेसासूच्या नावापुढे मी ते लिहिलंय, कारण आजेसासरे १९३९ ला प्लेगनं नव्हे, साध्या तापानं गेले आणि पुढची वसुली, पेरणी, पोरांची लग्नं तिनंच केली.

शेवटचं, हे सगळं झाल्यावर कागदोपत्री आडनाव बदलायची घाई करू नका. तुमच्या मुलाच्या दाखल्यावर, पासपोर्टवर, बँकेत जे आहे तेच राहू द्या. आम्ही कारभारीच राहिलो. बदलायचंच असेल तर राजपत्रात प्रसिद्ध करून रीतसर बदला, नुसत्या प्रतिज्ञापत्रावर विसंबू नका, पुढे प्रत्येक खिडकीवर दोन्ही नावांचा खुलासा करत बसावं लागतं.

आणि मूळ कागदाला लॅमिनेशन करू नका. मी एका ओळखीच्या घरात लॅमिनेशन केलेलं खत पाहिलंय, आतल्या आत शाई फुटून तांबूस डाग झालाय आणि आता तो कागद सोडवताही येत नाही. दोन्ही बाजूंचे फोटो काढा, घड्या उलगडून सपाट ठेवा, धुतलेल्या सुती कापडात गुंडाळा आणि डांबरगोळी कागदाला लागणार नाही अशी पेटीच्या कोपऱ्यात ठेवा. पावसाळ्यात माळ्यावरून पेटी खाली काढा.